शेपाच्या पाण्यातलं तेल

अर्क आणि सुगंधी तेलं काढण्याच्या धंद्यात माझं सगळं आयुष्य गेलं. त्यातल्या गमतीजमती लिहून पाठवा, असं संपादकांचं पत्र आलं तेव्हा मी लगेच होकार कळवला, कारण गमतींना तोटा नव्हता. गवती चहाच्या तेलाचा डबा अंगावर उपडा झाला तेव्हा आठवडाभर आमच्या चाळीतलं मांजर माझ्या वाऱ्याला उभं राहिलं नव्हतं. एका अत्तरवाल्याला मी चुकून ओव्याच्या तेलाची बाटली हुंगायला दिली. तो नाक धरून निघून गेला आणि तिसऱ्या दिवशी परत येऊन म्हणाला, जुनी सर्दी गेली, अजून थोडं द्या. असल्या गोष्टी मी इतक्यांदा सांगितल्या आहेत, की त्या सांगताना आता मला काही वाटत नाही. लिहायला बसलो तेव्हा त्यांतली एकही कागदावर उतरेना. जी गोष्ट मी आजवर तिघांनाच सांगितली आहे, तीच पुढे येऊन बसली. तिच्यात गंमत नाही. छापायची की नाही ते संपादकांनी ठरवावं.

स्वातंत्र्य मिळून दोनेक वर्षं झाली असतील. मी नुकताच बी.एस्सी. होऊन डोंबिवलीत आईबरोबर दोन खोल्यांत राहत होतो. बाळकुमला तेलं काढण्याचा एक छोटा कारखाना होता, तिथे मला केमिस्टची नोकरी लागली. ठाण्याला उतरून स्टेशनजवळ ठेवलेली सायकल काढायची आणि भिवंडीच्या रस्त्याला लागायचं. बाळकुम तेव्हा भातखाचरांचं आणि मिठागरांचं गाव. खाडीच्या अंगाला कौलारू शेड, शेडमध्ये तांब्याचे तीन मोठे हंडे, एक बॉयलर आणि आम्ही दहा-बारा माणसं, एवढाच कारखाना. मालकांना सगळे भाऊसाहेब म्हणत. माणूस हौशी होता. जर्मन पुस्तकं मागवायचा, त्यातली चित्रं मला दाखवायचा आणि मजकूर वाचून घ्यायचा; जर्मन मला त्यांच्याइतकंच येत होतं, पण तसं मी कधी म्हटलं नाही.

हे काम बाहेरच्या माणसाला वाटतं तितकं अवघड नाही. हंड्यात जाळीवर कुटलेलं बी किंवा पाला भरायचा आणि खालून वाफ सोडायची. वाफ बियांतलं तेल उचलते. ती वेटोळ्यांच्या नळीतून थंड पाण्यात बुडवून नेली, की तिचं पुन्हा पाणी होतं आणि दुसऱ्या टोकाला पाणी आणि तेल एकत्र ठिबकू लागतं. तेल वर तरंगतं, ते काढून घ्यायचं. खालचं पाणी सोडून द्यायचं. सगळं कसब आहे ते वाफ किती जोरात सोडायची आणि कधी थांबायचं यात, आणि ते नाकाला कळावं लागतं.

आमचा मुख्य माल म्हणजे बाळंतशेपा. बाळंतिणीला ओव्याबरोबर देतात तेच हे बी. ग्राइप वॉटर करणारे शेपाचं तेल नेत. पण शेपाचं तेल मोठं हट्टी. ते जवळजवळ पाण्याइतकंच जड असल्यामुळे नीट वेगळं होत नाही. खालचं पाणी दुधासारखं पांढुरकं राहतं, म्हणजे त्यात तेलाचे बारीक कण असतात, आणि काही तेल तर विरघळूनच गेलेलं असतं. हे पाणी शेडच्या मागच्या नळातून गटारात जायचं आणि गटारातून खाडीत. भरतीच्या वेळी आमच्या मागची खाडी बाळंतिणीच्या खोलीसारखी दरवळायची.

गावातल्या बायका त्या नळाखाली चरव्या लावायच्या. पोटात दुखणाऱ्या लेकराला चमचा-वाटीभर ते पाणी पाजलं की लेकरू गप्प झोपतं, हे त्यांना माझ्या आधीपासून ठाऊक होतं. भाऊसाहेबांनाही ठाऊक होतं. ते म्हणायचे, तेवढंच आपल्या हातून पुण्य.

या बायकांना ही वाट दाखवली होती जानकीबाईंनी. जानकीबाई भोईर आमच्याकडे बी पाखडायला आणि कुटायला होत्या. पन्नाशीच्या विधवा बाई, अर्धं आयुष्य मिठागरावर गेलेलं, त्यामुळे पायांची कातडी चिरून भेगाळलेली. काम करताना बोलायच्या नाहीत. पण हंड्यातलं बी संपत आलं की मी बाटली नाकाशी धरून विचार करत असताना त्या पलीकडून नुसती मान हलवायच्या, आणि तेव्हा वाफ बंद केली की ते बरोबर असायचं. माझं नाक तयार झालं ते त्यांच्या मानेकडे बघून. हे मी तेव्हा कोणाला सांगितलं नाही, कारण केमिस्ट मी होतो.

पाण्यातल्या तेलाचा नाद मला लागला तो कल्याणच्या एका वैद्यबुवांमुळे. ते आमच्याकडून ओव्याचा अर्क न्यायला यायचे. एकदा त्यांनी शेपाचं पाणी ओंजळीत घेऊन चाखलं आणि मला म्हणाले, की तुम्ही वरचं तेल घेऊन खूश होता, पण बियाचा खरा जीव या पाण्यात उतरलेला आहे. मी घरी जाऊन पुस्तकं उघडली. वैद्यबुवांचं म्हणणं अक्षरशः खरं होतं. तेलातला जो भाग सगळ्यात सुवासिक असतो, तोच पाण्यात जास्त विरघळतो. म्हणजे आम्ही वरचं विकत होतो आणि उत्तम ते खाडीला देत होतो.

ते तेल परत मिळवायचे दोन रस्ते होते. एक जुना. तेच पाणी पुन्हा हंड्यात घालून उकळायचं आणि पहिली वाफ तेवढी धरायची. अत्तरवाले पिढ्यान्‌पिढ्या असंच करत आले. त्याला लाकूडफाटा फार लागतो आणि दिवस मोडतो. दुसरा रस्ता पुस्तकातला. पाण्यात बेन्झिन घालायचं आणि घुसळायचं. बेन्झिन म्हणजे दगडी कोळशापासून निघणारा, पेट्रोलसारखा उडून जाणारा द्रव. पाण्यातलं तेल बेन्झिनमध्ये जातं, बेन्झिन वर तरंगतं. खालच्या तोटीने पाणी सोडून द्यायचं आणि वरचं बेन्झिन गरम पाण्याच्या भांड्यावर ठेवून उडवायचं. मागे राहतं ते तेल. मला अर्थातच पुस्तकातला रस्ता आवडला. तो बाळकुममध्ये कोणी पाहिलेला नव्हता.

भाऊसाहेबांनी परवानगी दिली, एका अटीवर. मुंबईतले दोघेतिघे आमच्याच मालावर टपलेले होते, तेव्हा बेन्झिनचं नाव कारखान्याबाहेर जाता कामा नये. बेन्झिनच्या पिंपावर मी 'नंबर दोन' असं लिहिलं. कामगारांना सांगितलं, की हे पिंप धुण्याचं औषध आहे, याच्याजवळ बिडी ओढायची नाही. भीती मला आगीची होती. पाण्याची भीती माझ्या मनात आली नाही, असं मात्र म्हणता येणार नाही. घुसळून खाली सोडलेल्या पाण्यात थोडं बेन्झिन विरघळून राहतं, शिवाय नीट निवळू दिलं नाही तर त्याचे थेंबही राहतात, हे मला परीक्षेपासून पाठ होतं. आणि ते पाणी त्याच मागच्या नळातून बाहेर पडणार होतं. एकदा वाटलंही, की बायकांना सांगायला हवं. मग वाटलं, काय म्हणून सांगायचं? पाण्यात काय आहे ते त्या विचारणार. पहिले दोन दिवस नुसत्या चाचण्याच होत्या, पाणी बाहेर गेलं नाही. तेव्हा उद्या बघू, असं मी स्वतःशी म्हटलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी पहिला मोठा घाणा झाला. बेन्झिन उडून गेल्यावर काचेच्या भांड्यात तळाशी पिवळसर, स्वच्छ तेल उरलं. त्याचा वास मी आजही विसरलेलो नाही. वरच्या तेलाला एक कडवट, उग्र झाक असते. हे गोड होतं, ताज्या बियासारखं. भाऊसाहेबांनी भांडं उजेडात धरलं, हुंगलं, पुन्हा हुंगलं आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. त्यांनी तसं पूर्वी कधी केलं नव्हतं. मी त्यांना सगळी रीत पहिल्यापासून समजावून सांगू लागलो. बोलता बोलता मागच्या दारातून मला जानकीबाई दिसल्या. नळाखाली चरवी लावून त्या उभ्या होत्या.

मी बघितलं. हाक मारायला हवी हेही माझ्या ध्यानात आलं, इतकं की माझं वाक्य मध्येच तुटलं. तेवढ्यात भाऊसाहेबांनी विचारलं, की हीच रीत ओव्याला चालेल का. मी त्यांच्याकडे वळलो आणि ओव्याबद्दल सांगू लागलो. पुन्हा पाहिलं तेव्हा नळाखाली कोणी नव्हतं. दारापासून नळ वीस पावलांवर होता. गावाची वाटही तिथूनच जायची. मागे धावलो असतो तर बांधावरच त्यांना गाठलं असतं. मी धावलो नाही. केमिस्टने एका बाईच्या चरवीमागे कुठे धावायचं!

दुसऱ्या दिवशी सकाळी जानकीबाई कामावर आल्या नाहीत. बॉयलरवरच्या माणसाने सांगितलं, की त्यांच्या नातीला रात्रीतून ठाण्याला डॉक्टरकडे नेलंय. पोर सात-आठ महिन्यांची होती. मी सायकल काढली. रस्ताभर मी एकच गोष्ट घोकत होतो, की दुसरं काहीतरी झालेलं असू दे.

दवाखान्याच्या बाकड्यावर जानकीबाई बसल्या होत्या. त्यांची सून वेणू आत टेबलापाशी पोरीला धरून उभी होती. मुलगा गणपत बाहेर पायरीवर होता. पोर आदल्या संध्याकाळी ओकली होती आणि मग लुळी पडली होती. डोळे उघडायची, पण बघायची नाही. डॉक्टर वयस्कर, अनुभवी गृहस्थ होते. त्या काळी कामाला जाणाऱ्या बायका लेकराने झोपावं म्हणून त्याला अफूचा कण चाटवत, आणि अशी लुळी पडलेली लेकरं त्यांच्याकडे वरचेवर येत. त्यांनी पोरीला पाहताच अफू म्हणून ओळखलं होतं आणि आजीला खडसावून विचारलं होतं. आजी पुन्हा पुन्हा सांगत होती, की कारखान्यातलं शेपाचं पाणी वाटीभर पाजलं, दुसरं काही दिलं नाही.

मी आत गेलो तेव्हा डॉक्टरांनी मला खुर्ची दिली. इंग्रजीत माझी चौकशी केली. मग शांतपणे मराठीत विचारलं, "या बाई म्हणतात त्या पाण्यात शेपाशिवाय आणखी काही असतं का? असेल तर आत्ताच सांगा. त्यावर पुढचं औषध अवलंबून आहे."

त्यांनी मला इतकं स्वच्छ विचारलं होतं. वेणू माझ्याकडे बघत होती. माझ्या डोक्यात त्या क्षणी जे आलं ते लिहिताना हात अडतो. पोरीचं काय होईल हे आलं नाही. नोकरी आली, पोलीस आले, पाठीवरचा भाऊसाहेबांचा हात आला.

मी म्हणालो, "नाही. नुसतं शेपाचं पाणी आहे. मी स्वतः तपासतो."

डॉक्टरांनी मान डोलावली आणि ते बाकड्याकडे वळून जानकीबाईंना म्हणाले, की अजूनही खरं सांग, अफूची डबी घरात कुठे आहे. त्या माझ्याकडे बघत होत्या. त्यांनी माझं इंग्रजी ऐकलं होतं, पण नंतरचं मराठीही ऐकलं होतं.

डॉक्टरांनी अफूवरचे उपाय चालू ठेवले. पोट धुतलं, काळी कॉफी पाजली, पोरीला झोपू दिलं नाही. तिसऱ्या प्रहरी ती रडली आणि अंगावर प्यायली. त्या उपायांनी वाचली की आपल्या जिवाच्या चिवटपणाने, ते मला माहीत नाही. मी डॉक्टरांना खरं सांगितलं असतं तर ती लवकर शुद्धीवर आली असती का, हेही माहीत नाही. हे न माहीत असणं मी फार वर्षं स्वतःच्या बाजूने वापरलं.

मी कारखान्यात परतलो आणि त्याच दुपारी दोन गोष्टी केल्या. पहिली म्हणजे घुसळायच्या पिंपाच्या तोटीला लोखंडी नळी जोडून ती थेट खाडीत सोडायला लावली. मागे चिखल फार होतो, असं कारण सांगितलं. दुसरी म्हणजे भाऊसाहेबांच्या खोलीत जाऊन बसलो. त्यांना बातमी कळलेली होती. त्यांनी मला सरळ विचारलं नाही आणि मीही सरळ सांगितलं नाही. बाहेरच्या लोकांनी आपल्याकडचं पाणी नेणं धोक्याचं आहे, उद्या कशाचंही खापर आपल्यावर फुटेल, असं मी म्हणालो. त्यांनी विचारलं, पाणी न्यायला परवानगी कोणी दिली होती. ती त्यांनीच दिलेली होती, वर्षानुवर्षं. मी म्हणालो, "परवानगी अशी कोणी दिली नव्हती. त्या आपण होऊन नेत होत्या." एवढ्याने जानकीबाईंचं काम गेलं. बोलाचाली झाली नाही, कोणी चोरी हा शब्दही उच्चारला नाही. कुंपणाला फाटक बसलं आणि फाटकावरच्या माणसाला त्यांचं नाव सांगण्यात आलं.

चार दिवसांनी त्या मला रस्त्यात भेटल्या. मी सायकलवरून येत होतो आणि त्या कपूरबावडीच्या अलीकडे वाट बघत उभ्या होत्या. मला थांबावं लागलं. कामाबद्दल त्या काही बोलल्या नाहीत. सून त्यांना पोरीला हात लावू देत नव्हती. गणपत आईशी बोलत नव्हता. घरात अफू शोधून झाली होती. सापडली नाही म्हणून ती लपवली असेल असं ठरलं होतं. हे सगळं त्यांनी तक्रार न करता, एखाद्या तिऱ्हाइताची हकीकत सांगावी तसं सांगितलं. मग विचारलं, "सायेब, त्या पान्यान खरंच काय नव्हतं?"

रस्त्यावर दुसरं कोणी नव्हतं. डॉक्टर नव्हते, मालक नव्हते. तिथे मी एका माणसाला खरं सांगू शकत होतो, आणि ते तिच्यापुरतंच राहिलं असतं. मी म्हणालो, "नव्हतं, जानकीबाई."

मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, "मंग माझेच हातशी काय झालं आसंल." आणि माझ्या नाकाची पारख जिच्या मानेवर तयार झाली, ती बाई माझ्या शब्दावर विश्वास ठेवून, आपल्या हातांवरचा विश्वास टाकून गावाकडे निघून गेली.

पाण्यातल्या तेलाने पुढे माझं नाव झालं. ते थोडं वरच्या तेलात मिसळलं की मालाला पुरता वास यायचा, आणि आमच्या शेपाची मागणी वाढली. भाऊसाहेबांनी ओव्यासाठीही तशीच सोय केली. मुंबईहून आलेली माणसं मला रीत विचारून विचारून जायची. पुढे कल्याणला एका मोठ्या कारखान्याने मला बोलावून घेतलं, तिथे हाताखाली चार केमिस्ट होते. बाळकुमचा रस्ता सुटला. मी लग्न केलं. सगळं नीट चाललं होतं, आणि मला वाटायचं की ती गोष्ट मागे पडली.

मुलगी झाली ती जानकीबाईंच्या प्रकरणानंतर आठ वर्षांनी. टिटवाळ्याला सासुरवाडी होती, बाळंतपण तिकडेच झालं. दोन महिन्यांची मुलगी घेऊन पत्नी डोंबिवलीला आली. एका संध्याकाळी मुलगी पोट आवळून रडू लागली. आईने फडताळातून ग्राइप वॉटरची बाटली काढली, चमचा भरला आणि मला म्हणाली, धर, तू पाज. माझा हात पुढे झाला नाही. आई थट्टेने म्हणाली, जन्मभर हेच काढतोस आणि पाजायला घाबरतोस. पत्नीने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि चमचा स्वतः घेतला.

आई देवळात गेल्यावर पत्नीने विचारलं. मी सांगितलं, सगळं, तोपर्यंत कोणाला न सांगितलेलं. ती ऐकत असताना मुलगी माझ्या मांडीवर होती. बोलणं संपल्यावर तिने एकच विचारलं, "त्या बाईंना हे ठाऊक आहे?" मी नाही म्हणालो. तिने मुलीला माझ्या मांडीवरून उचललं आणि ती आत गेली. रागावून नव्हे, दूध पाजायची वेळ झाली होती. पण पुढचे आठ-दहा दिवस तिने तो विषय काढला नाही, आणि रोज मला वाटायचं की आज ती विचारेल, त्या बाईंकडे गेला होतात का.

मग एका रविवारी सकाळी मी बाळकुमला गेलो. ओळखीची शेड होती, भाऊसाहेब वारले होते. जानकीबाई कुठे भेटतील असं विचारल्यावर एकाने मिठागराकडे बोट दाखवलं. साठीला टेकलेली बाई पुन्हा मिठावर होती. उन्हात फळीने मीठ ओढून ढीग करत होत्या. मला त्यांनी लगेच ओळखलं. हातातली फळी खाली ठेवून त्या बांधावर आल्या. कशा आहात वगैरे विचारण्याची मला लाज वाटली, म्हणून उभ्याउभ्याच सांगून टाकलं. पाण्यात काय घातलं होतं, ते मला माहीत होतं, त्यांना पाणी भरताना मी पाहिलं होतं, आणि दोनदा विचारलं असताना दोनदा खोटं बोललो.

कारखान्यात त्या मला अहोजाहो करायला शिकल्या होत्या. ते त्या दिवशी सुटलं. म्हणाल्या, "मूठभर मीठ टाकलं आसतंस त्या पान्यान, तं कोनी त्वांडाला लावलं नसतं. कोनाला काय सांगावंबी लागलं नसतं."

मी केमिस्ट. चहूबाजूंनी मिठाचे ढीग असलेल्या गावात मी वर्षानुवर्षं काम केलं, आणि हे मला एकदाही सुचलं नव्हतं.

मी माफी मागायला तोंड उघडलं, तेव्हा त्यांनी हात वर करून मला थांबवलं. म्हणाल्या, "मना सांगून काय व्हनार. घरा चल. सुनेला सांग."

आम्ही बांधावरून चालत त्यांच्या घरी गेलो. त्या पुढे आणि मी मागे. गणपत कामावर गेला होता. वेणू अंगणात मासळी सुकत घालत होती. जानकीबाई घरात गेल्या नाहीत, पडवीच्या कडेला, बाहेरच्या माणसाने बसावं तशा बसल्या. ती त्यांची रोजची जागा असावी. माझ्याकडे बघून त्या म्हणाल्या, सांग.

मी वेणूला सांगितलं. बेन्झिन म्हणजे काय ते तिला कळेल अशा शब्दांत सांगितलं आणि तुझ्या सासूने अफू दिली नव्हती, हे दोनदा सांगितलं. ती हातातली मासळी तशीच धरून ऐकत होती.

"डाक्टरनी तवा तुमालाच इचारलं व्हतं ना?" ती म्हणाली.

"हो."

"माझे समोर."

"हो."

ती हात धुवायला गेली आणि धुतच राहिली. घराच्या मागून आठ-नऊ वर्षांची एक मुलगी आली, माझ्याकडे टकमक बघून आईजवळ जाऊन उभी राहिली. तीच ती. हडकुळी, चांगली उंच, डोळे तेजस्वी. माझ्या मनात पहिला विचार आला तो हा, की बरी दिसते, म्हणजे फार नुकसान झालेलं नाही. आणि अजूनही मी हिशोब माझ्याच बाजूने मांडतोय, हे माझ्या लक्षात आलं.

वेणूने ओले हात लुगड्याला पुसले. ती पडवीपाशी आली आणि सासूच्या समोर, खाली जमिनीवर बसली. म्हणाली, "आठ वरसं तुमचे हातचा घास पोरीला खाऊ दिला नाय मी." जानकीबाई म्हणाल्या, "तुला काय ठावं व्हतं." मुलीला काही उमगेना. ती एकदा आईकडे आणि एकदा आजीकडे बघत होती. थोड्या वेळाने वेणूने तिचा हात धरून तिला आजीच्या शेजारी बसवलं. जानकीबाईंनी तिला जवळ ओढलं नाही. परक्याच्या मुलीला लावावा तसा त्यांनी तिच्या केसांना हात लावला, आणि मग तो हात तिथेच राहिला.

मला सांगायला जेमतेम पाच मिनिटं लागली होती. डॉक्टरांसमोर याच्याही निम्म्या वेळात झालं असतं, आणि कपूरबावडीच्या रस्त्यावर तर एका शब्दात.

मी अंगणात उभाच होतो. कोणी बस म्हणालं नव्हतं, कोणी जा म्हणालं नव्हतं. मला कोणी शिव्या दिल्या नाहीत आणि माफही केलं नाही. बऱ्याच वेळाने जानकीबाईंनी मान वर केली. मी तिथे आहे हे त्या विसरल्या होत्या, ते त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसलं. त्या म्हणाल्या, "तू आजून हितंच हाईस?"

त्यात राग नव्हता. त्यांना खरोखरच कळत नव्हतं, की सांगायचं ते सांगून झाल्यावर हा माणूस कशासाठी थांबला आहे. आणि मी थांबलो होतो तो काहीतरी मिळेल म्हणून, हे मला त्यांनी विचारल्यावर समजलं. मी चपला घातल्या आणि अंगणाबाहेर पडलो.